ऋणग्रस्तांची घरे राखणारा ग्रामाधिकारी : फ्रीड्रिक विल्हेल्म रायफायझन

देवालय हे कोणा एका गृहस्थाच्या धनाने उभे राहत नाही. एखाद्याने भूमी दिली, दुसऱ्याने सभामंडप बांधून दिला, तिसऱ्याने नंदादीपासाठी वर्षासन लावून दिले आणि बाकीच्या कुळांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे भर घातली, तेव्हा कोठे देवाचे वैभव पिढ्यानुपिढ्या टिकते. जे एकट्याला पेलत नाही ते समुदायाला पेलते, हे सत्य महाजन कुटुंबांना कोणी नव्याने शिकविण्याची आवश्यकता नाही. परंतु हेच सत्य देवघराप्रमाणे प्रापंचिक घरालाही लागू आहे, किंबहुना सावकाराच्या गहाणात अडकलेले गरिबाचे घरदेखील याच मार्गाने सोडविता येते, हे ज्याने प्रत्यक्ष आचरून दाखविले, त्या एका जर्मन ग्रामाधिकाऱ्याचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावयाचे आहे. त्याचे नाव फ्रीड्रिक विल्हेल्म रायफायझन. आज आपण जिला पतपेढी म्हणून ओळखतो, त्या संस्थेच्या आद्य प्रवर्तकांमध्ये त्याची गणना होते.

रायफायझनचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी, ऱ्हाईन नदीच्या पूर्वेस असलेल्या वेस्टरवाल्ड नामक डोंगराळ प्रदेशाच्या कडेला, झीग नदीकाठच्या हाम या खेड्यात झाला. नऊ भावंडांमध्ये तो सातवा. वडील काही काळ त्या गावचे मुख्य कारभारी होते. परंतु फ्रीड्रिक लहान असतानाच त्यांचे स्वास्थ्य बिघडले, पद गेले आणि संसाराचा सारा भार माता अमाली हिच्यावर येऊन पडला. घरात द्रव्य बेताचे; त्यामुळे उच्च शिक्षणाचा मार्ग या मुलाला बंदच होता. गावच्या धर्मोपदेशकाने त्याला आपल्याजवळ बसवून शिकविले. शेजाऱ्याचे दुःख हे आपले दुःख मानावे, हा ख्रिस्ती धर्माचा संस्कार त्याच्या मनावर याच वयात दृढ झाला आणि तो अखेरपर्यंत टिकला.

वयाच्या सतराव्या वर्षी, इ. स. १८३५ मध्ये, तो प्रशियाच्या तोफखान्यात दाखल झाला. हुशारी आणि शिस्त यांच्या बळावर त्याला तेथे बढतीही मिळत गेली. परंतु दैवाची योजना निराळी होती. त्याला नेत्रविकार जडला आणि १८४३ साली सैन्यातील नोकरी सोडणे भाग पडले. हा विकार पुढे आयुष्यभर त्याच्या मागे लागला व उतारवयात त्याची दृष्टी जवळजवळ नाहीशी झाली. सैन्य सोडल्यावर तो मुलकी खात्यात शिरला आणि १८४५ साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, व्हायरबुश येथे बर्गरमायस्टर म्हणून, म्हणजे अनेक खेड्यांच्या एका गटाचा मुख्य कारभारी म्हणून, त्याची नेमणूक झाली. त्याच वर्षी एमिली श्टोर्क या औषधविक्रेत्याच्या कन्येशी त्याचा विवाह झाला.

त्या काळच्या वेस्टरवाल्डमधील शेतकऱ्याची स्थिती लक्षात घेतल्यावाचून रायफायझनच्या कार्याचे मोल कळावयाचे नाही. जमीनदारांच्या वेठीतून शेतकरी कायद्याने मुक्त झाला होता. परंतु या मुक्ततेबरोबर जुना आश्रयही गेला होता. जमीन उथळ, हवा थंड, वारसांमध्ये वाटण्या होऊन शेताचे तुकडे झालेले. बी-बियाणे, गाय, घराचे छप्पर यांपैकी कशासाठीही रोख रक्कम हवी असली, तर बँकेचे दार त्याला उघडे नव्हते. उरला तो सावकार आणि गुरांचा व्यापारी. व्यापारी शेतकऱ्याच्या गोठ्यात गाय बांधी. परंतु गायीची मालकी आपल्याकडेच ठेवी. वैरण शेतकऱ्याची, राबणूक शेतकऱ्याची आणि वासरात व दुधात वाटा व्यापाऱ्याचा. हप्ता चुकला की गाय परत जाई. बाकी मात्र खात्यावर राही आणि तिच्यावर व्याज चढत जाई. मग शेत गहाण पडे, त्यामागून घर गहाण पडे आणि शेवटी सरकारी अंमलदाराच्या देखरेखीखाली लिलाव होऊन पिढीजात वास्तू परक्याच्या हाती जाई. घर गेलेला मनुष्य एक तर मजूर होई किंवा बोटीत बसून अमेरिकेची वाट धरी. कर्जाची मूळ रक्कम पुष्कळदा एका गायीच्या किमतीएवढीच असे. ती वेळेवर, माफक व्याजाने, सावकाश फेडीच्या बोलीवर मिळती, तर ते घर वाचले असते. रायफायझनने हा प्रश्न कागदोपत्री नव्हे, तर आपल्या कचेरीच्या दारात उभ्या असलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर वाचला.

व्हायरबुशला येऊन वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच १८४६-४७ चा भीषण हिवाळा उगवला. बटाट्याच्या पिकावर रोग पडलेला, धान्याचे पीक बुडालेले. खेडोपाडी उपासमार सुरू झाली. सरकारने धान्य पाठविले खरे, परंतु ते रोख पैसे मोजणाऱ्यालाच द्यावे असा हुकूम होता. ज्याच्या घरी दाणा नाही त्याच्या गाठी पैसा कोठून असणार? तरुण कारभाऱ्याने हुकुमाचे शब्द बाजूस ठेवून धान्य उधारीवर वाटले आणि त्याची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. गावातील सधन गृहस्थांना एकत्र बोलावून त्याने एक निधी उभारला, सामाईक भट्टी बांधविली आणि तीत भाजलेली भाकरी गरजूंना बाजारभावाच्या जवळजवळ निम्म्या दरात, तीही उधारीवर, मिळू लागली. पुढील हंगामासाठी बियाणेही याच निधीतून आणले गेले. त्या हिवाळ्यात अनेक कुटुंबे तगली. शाळा बांधणे, खेड्यांतील माल ऱ्हाईन नदीपर्यंत सुखाने जावा म्हणून रस्ता काढणे, ही कामेही त्याने याच काळात हाती घेतली.

१८४८ साली त्याची बदली फ्लामर्सफेल्ड येथे झाली. येथे दुष्काळापेक्षा गुरांच्या व्यवहारातील पिळवणूक अधिक जाचक होती. १८४९ मध्ये त्याने तेथील सुमारे साठ सुखवस्तू रहिवाशांची एक साहाय्यक संस्था स्थापन केली. या गृहस्थांनी पदरचे पैसे दान दिले असे नव्हे. तर संस्थेने काढलेल्या कर्जाला सर्वांनी मिळून जामीनकी पत्करली. एकट्या गरीब शेतकऱ्याला कोणी कर्ज देत नव्हते, ते या साठ जणांच्या सह्यांवर माफक व्याजाने मिळू लागले. त्या रकमेतून संस्था गाई विकत घेई आणि शेतकऱ्याला पाच वर्षांच्या हप्त्यांनी देई. हप्ते फिटले की गाय त्याच्या स्वतःच्या मालकीची! ज्याच्या गोठ्यात आजवर दुसऱ्याची गाय बांधलेली असे, त्याच्याजवळ आता स्वतःची म्हणता येईल अशी मालमत्ता निर्माण होऊ लागली. पुढे संस्था रोख कर्जही देऊ लागली.

१८५२ मध्ये रायफायझन नॉयव्हीड शहरालगतच्या हेडेसडोर्फ येथे आला. येथे १८५४ साली त्याने जी परोपकारी संस्था काढली, तिचा व्याप फार मोठा होता. निराधार बालकांचे संगोपन, बेकारांना काम, तुरुंगातून सुटून आलेल्यांना आधार, वाचनालय आणि त्यांच्या जोडीला कर्जाऊ रकमेचा निधी, असे अनेक उपक्रम तिने अंगावर घेतले. आरंभी उत्साह उदंड होता. परंतु काही वर्षे लोटली आणि ओहोटी लागली. देणारे नेहमी तेच, घेणारे नेहमी तेच. देणाऱ्यांना हळूहळू थकवा आला. जामीनकीचा धोका आपण किती दिवस वाहावयाचा, असे त्यांना वाटू लागले. घेणाऱ्यांनाही संस्था आपली वाटेना. ती त्यांना धनिकांची वाटे. एकामागून एक उपक्रम बंद पडले आणि केवळ कर्जनिधी तेवढा तग धरून राहिला.

रायफायझनच्या चरित्रातील खरा कसोटीचा क्षण हाच होय. ज्या परोपकारबुद्धीवर त्याने पंधरा-सोळा वर्षांचे कार्य उभारले होते, तीच अपुरी आहे, हे सत्य त्याला स्वीकारावयाचे होते. ते त्याने सुखासुखी स्वीकारले नाही. दया हीच धर्माची खूण अशी त्याची श्रद्धा होती आणि श्रीमंतांना त्यांच्या कर्तव्यातून मोकळे करणे त्याच्या मनाला पटत नव्हते. त्याच सुमारास हेर्मान शुल्झ-डेलिच हा न्यायाधीश शहरातील कारागिरांसाठी पतसंस्था काढीत होता आणि त्या संस्था स्वावलंबनाच्या तत्त्वावर चालत होत्या. रायफायझनने त्याच्याशी पत्रव्यवहार केला, त्याचे अनुभव अभ्यासिले आणि अखेरीस आपला मार्ग बदलला. १८६२ मध्ये आन्हाउझेन येथे व १८६४ मध्ये हेडेसडोर्फ येथे ज्या कर्जसंस्था उभ्या राहिल्या, त्यांत एक मूलभूत फरक होता. ज्याला कर्ज हवे त्याने प्रथम सभासद व्हावे. आणि जो सभासद झाला तो इतरांच्या कर्जालाही जबाबदार. आता देणारा व घेणारा अशा दोन रांगा उरल्या नाहीत. जो आज कर्ज मागतो तोच उद्या शेजाऱ्यासाठी जामीन राहतो, अशी ही एकच पंगत झाली.

या संस्थांची घटना नीट समजून घेण्यासारखी आहे. एका संस्थेचे क्षेत्र म्हणजे साधारणतः एक गाव अथवा एका चर्चचा परिसर. त्याहून मोठे क्षेत्र नको, कारण सभासदांना एकमेकांची शेतीवाडी, घरस्थिती व नियत ठाऊक असली पाहिजे. सर्व सभासदांची जबाबदारी अमर्यादित, म्हणजे संस्था बुडाली तर प्रत्येकाच्या सर्व मालमत्तेला झळ लागणार. ही अट ऐकून छाती दडपते खरी. परंतु तिच्यातच संस्थेचे बळ होते. तिच्यामुळे बाहेरचा धनको विश्वासाने पैसे देई आणि तिच्यामुळेच प्रत्येक सभासद डोळ्यांत तेल घालून शेजाऱ्याच्या कर्जावर लक्ष ठेवी. कर्ज उत्पादक कार्यासाठीच मिळे. गाय, बियाणे, शेत, घर किंवा जुने जाचक गहाण सोडविणे यांसाठी. फेडीची मुदत पिकांच्या व गुरांच्या उत्पन्नाला धरून दीर्घ असे. कार्यकारी मंडळ मानद. पगार घेई तो केवळ हिशेबनीस. नफा वाटून घ्यावयाचा नाही. तो अविभाज्य निधीत जमा व्हावयाचा. या निधीवर कोणाही एका सभासदाचा वैयक्तिक हक्क नाही. तो पुढील पिढ्यांचा. आपल्या गोमंतकातील जुन्या गावकरी संस्थांची सामाईक जमीन किंवा देवस्थानची मिळकत ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना या कल्पनेतील मर्म लगेच उमगेल. याच संस्थेत सभासदाने आपली चार नाणी ठेव म्हणून ठेवावी, अशीही व्यवस्था होती. त्यामुळे कर्ज फेडणाऱ्याच्या हाताला आपसूकच शिल्लक टाकण्याचे वळण लागे. कर्जमुक्ती ही पहिली पायरी व संचय ही दुसरी. रायफायझनने दोन्ही एकाच जिन्यात बसविल्या.

सार्वजनिक कार्याला असे यश येत असताना घरी मात्र दुःखाची छाया पसरत होती. काही अपत्ये बालपणीच दगावली होती. १८६३ साली पत्नी एमिली निवर्तली. दृष्टी इतकी मंदावली की १८६५ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्याला सेवानिवृत्त व्हावे लागले. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. चरितार्थासाठी त्याने प्रथम विड्यांचा कारखाना व नंतर नॉयव्हीड येथे मद्यविक्रीचा व्यवसाय केला; परंतु कर्जसंस्थांच्या कार्यातून स्वतःसाठी लाभ उकळला नाही. १८६७ साली त्याने मारिया पेन्झेरोट या विधवेशी पुनर्विवाह केला. या सर्व वर्षांत त्याचे डोळे झाली ती ज्येष्ठ कन्या अमाली. पिता सांगे आणि ती लिही. येणारी पत्रे वाचून दाखविणे, उत्तरे तयार करणे, हिशेब पाहणे, सारे तिने केले. ती जन्मभर अविवाहित राहिली. १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या रायफायझनच्या ग्रंथात कर्जसंस्था कशी स्थापावी व कशी चालवावी याचे सविस्तर मार्गदर्शन होते. त्याच्या हयातीतच या ग्रंथाच्या पाच आवृत्त्या निघाल्या. या ग्रंथावर नाव पित्याचे असले, तरी त्यामागे या कन्येचे मूक कष्ट आहेत, याचे विस्मरण होऊ नये.

गावोगावच्या संस्था वाढल्या, तसा नवा प्रश्न उभा राहिला. एका गावी ठेवी पडून, तर दुसऱ्या गावी कर्जासाठी पैसा अपुरा. म्हणून रायफायझनने १८७२ मध्ये ऱ्हाईन प्रांतासाठी एक सहकारी बँक व १८७६ मध्ये नॉयव्हीड येथे मध्यवर्ती कर्जनिधी स्थापन केला. १८७७ मध्ये सर्व संस्थांचा संघ उभारला. याच वर्षांत शुल्झ-डेलिचशी त्याचा तीव्र मतभेद झाला. शुल्झच्या मते सभासदांचे भागभांडवल हवे, कर्ज अल्प मुदतीचे हवे आणि बाहेरची मदत मुळीच नको. रायफायझनचे म्हणणे असे की शहरातील कारागिराचा पैसा तीन महिन्यांत फिरतो, शेतकऱ्याचा फिरत नाही. आणि ज्याच्यापाशी भाग घेण्यापुरतेही द्रव्य नाही, त्यालाच तर संस्थेची गरज. शुल्झने हा वाद विधिमंडळापर्यंत नेला व रायफायझनला आपल्या संस्थांत अल्पसा भाग ठेवणे भाग पडले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, हे पुढे काळाने दाखविले. शहरी पतसंस्थांनी शुल्झचा आणि ग्रामीण पतसंस्थांनी रायफायझनचा मार्ग धरला.

चरित्रनायकाचे गुण सांगताना त्याचे वैगुण्य झाकून ठेवणे चरित्रलेखनाच्या धर्माला शोभत नाही. त्या प्रदेशातील गुरांच्या व्यापारात व सावकारीत ज्यू लोक पुष्कळ होते आणि तत्कालीन समाजातील ज्यूद्वेषाचा संसर्ग रायफायझनच्या लेखनालाही झाला होता. काही सावकारांच्या दुष्कृत्याबद्दल त्याने एका संपूर्ण जमातीला दोष दिला. पुढील शतकात या द्वेषाने जर्मनीत कोणते थैमान घातले, हे जग जाणते. ऋणाची बेडी तोडणारा मनुष्यही पूर्वग्रहाच्या बेडीतून सर्वस्वी सुटत नाही, हा बोध या ठिकाणी घ्यावा.

११ मार्च १८८८ रोजी, सत्तरी पूर्ण होण्यास अवघे एकोणीस दिवस उरले असताना, हेडेसडोर्फ येथे रायफायझनने देह ठेवला. त्यावेळी त्याच्या पद्धतीच्या चारशेहून अधिक संस्था जर्मनीत कार्य करीत होत्या. १८८३ साली इटलीत व १८८६ साली ऑस्ट्रियात या पद्धतीची पहिली संस्था निघाली होती. पुढे ती अनेक देशांत गेली. सहकारी संस्थांच्या रूपाने समान हित साधण्याच्या कल्पनेचा व परंपरेचा समावेश जर्मनीच्या प्रस्तावावरून २०१६ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केला.

या कार्याचा आपल्या देशाशी असलेला संबंधही सांगितला पाहिजे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे व आसपास कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांची खते-रोखे हिसकावून जाळली. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना जुन्या कर्जाचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. परंतु सावकाराच्या जागी स्वस्त कर्ज देणारे कोणी उभे केले नाही. ही उणीव ओळखून मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्यास युरोपातील पद्धतींच्या अभ्यासास लावले. १८९५ व १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालाचा सारा इत्यर्थ हाच की, हिंदुस्थानाने आपला रायफायझन शोधावा. त्यातूनच १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्यात ग्रामीण संस्थांसाठी अमर्यादित जबाबदारी व नफ्यातून राखीव निधी ही रायफायझनचीच तत्त्वे घातली गेली. या कायद्याखालील आरंभीची ग्रामीण संस्था १९०५ साली तत्कालीन धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे निघाली. कायद्याची वाट न पाहता १८८९ सालीच विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी बडोद्यास अन्योन्य सहकारी मंडळी स्थापिली होती, हेही अभिमानाने नमूद करावयास हवे. मुंबईत श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ साली शामराव विठ्ठल यांच्या नावे सहकारी पतसंस्था व १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. १९१८ मध्ये निघालेल्या सारस्वत पतसंस्थेचा आरंभ अडचणीतील कुटुंबांना विवाह, आजारपण व कर्जफेड यांसाठी हात देण्याच्या हेतूनेच झाला. या संस्था शहरी. त्यांची बांधणी शुल्झच्या पद्धतीला अधिक जवळची. परंतु परिचितांनी परिचितांच्या पतीला पाठबळ द्यावे, हा त्यांच्यामागील भाव तोच.

आपल्या महाजन कुटुंबांमध्येही सर्वांची स्थिती सारखी नाही. पालखीच्या दिवशी एका रांगेत उभे राहणाऱ्यांपैकी कोणाचे घर बँकेकडे गहाण असते, कोणी मुलीच्या विवाहासाठी जड व्याजाचे कर्ज काढलेले असते आणि आपल्या शेजारच्यालाही त्याचा पत्ता नसतो. संकटसमयी मदतीची यादी फिरविणे हे पुण्यकर्म खरे; परंतु यादी वर्षानुवर्षे फिरत राहिली तर देणारा थकतो व घेणारा ओशाळतो, हा हेडेसडोर्फचा अनुभव आपण ध्यानी ठेवावा. त्याऐवजी लहानशा वर्गणीने, चोख हिशेबाने व परस्परांच्या जामीनकीने चालणारा निधी उभा राहिला, तर घर जप्तीपर्यंत जाण्याआधीच हात पुढे करता येईल आणि तो हात उपकाराचा न राहता हक्काचा होईल. रायफायझनचा देश निराळा, धर्म निराळा, भाषा निराळी. परंतु कुलदेवतेचा देव्हारा ज्या घरात आहे ते घर राखणे, हेही देवकार्यच होय, ही जाणीव त्याच्या चरित्राने आपल्या ठायी दृढ व्हावी, अशी श्रीचरणी प्रार्थना आहे.